शाळा म्हणते इंग्रजी, आजी बोलते मालवणी: पावणेपाच वर्षांच्या मुलाला घरी काय शिकवावं?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाच तपासता येईल. तुम्ही डोंबिवलीत राहता. मुलगा चार वर्षं आठ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमात, ज्युनियर केजीला. पालकसभेत बाईंनी सांगितलं की घरी इंग्रजीतच बोला आणि आजीची मालवणी 'जरा कमी करा'. त्याला एबीसीडी अजून सलग येत नाही, अ-आ-इ-ई तर सुरूच केलेलं नाही, आणि शेजारचा त्याच्याच वयाचा मुलगा दुकानांच्या पाट्या वाचतो. तुम्ही दोघं नोकरीला, घरी पोचेपर्यंत आठ. रोज किती वेळ बसवू, अक्षरं कोणत्या क्रमाने घेऊ आणि एखादं ॲप घेऊ का, असं तुम्ही विचारलंय.

सत्तावीस वर्षं मी बालवाडीत आणि नंतर बालवाडीच्या ताईंना शिकवण्यात घालवली. त्या जोरावर सांगते, तुमच्या यादीतला अक्षरांचा प्रश्न सगळ्यात लहान आहे. मोठा प्रश्न तुम्ही ओझरता लिहून सोडून दिलाय: 'आजीची मालवणी कमी करा.' तिथूनच सुरुवात करू.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. मुलगा बोलतो कसा, हे तुम्ही लिहिलेलं नाही. या वयाच्या मुलाचं बहुतेक बोलणं परक्या माणसालाही समजायला हवं. 'चप्पल काढ, पिशवी खुंटीला लाव आणि आजीला हाक मार' एवढं एका दमात सांगितलं तर जमायला हवं. शाळेत काय घडलं ते मोडकंतोडकं का होईना, पुढचं-मागचं जोडून सांगता यायला हवं. यातलं बरंचसं होत नसेल, किंवा सर्दीबरोबर कान वारंवार वाहत असेल, किंवा टीव्हीचा आवाज तो सारखा वाढवत असेल, तर माझं उत्तर बाजूला ठेवा आणि आधी कान तपासून घ्या. 'मुलगे उशिराच बोलतात', 'याचा बाबापण उशिरा बोलला' ही वाक्यं मी इतक्या घरांत ऐकली आहेत, आणि त्यात काही मुलांची दोन-दोन वर्षं वाया गेलेली पाहिली आहेत. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, वाणी आणि श्रवणाचंच काम करणारी. तिथे तपासणी होते. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, तेही पुढे पाठवतात. तुमच्या मुलाला याची गरज नसेलही. असं काही नाही हे धरूनच पुढचं लिहिते.

आता मालवणी. माझ्या नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातली गोष्ट. वर्गात एक मुलगी होती, सतत बडबडणारी. 'माका होयी', 'माका नको', 'तुका सांगू?' असं चालायचं. मी प्रत्येक वेळी प्रेमाने सुधारायची, 'माका नाही गं, मला म्हण.' दिवाळीपर्यंत पोरगी 'मला' म्हणायला लागली. आणि गोष्टी सांगायची बंद झाली. विचारलं तर उत्तर द्यायची, एक-दोन शब्दांत, अगदी शुद्ध. मी ते माझं यश समजले होते. जानेवारीत तिची आजी तिला न्यायला आली, दोघी फाटकाबाहेर पडेपर्यंत मुलगी इतकं बोलली की मी पायरीवर उभी राहून ऐकत राहिले. माझ्या वर्गात महिनाभरात तिने तेवढं बोलणं केलं नव्हतं. तेव्हापासून 'सुधारणं' सोडलं. ती म्हणायची 'माका', मी पुढच्या वाक्यात सहज 'तुला' म्हणायची, एवढंच. कोणाशी कसं बोलायचं हे मुलं माणूस बघून आपोआप लावून घेतात. आजीशी मालवणी, बाईंशी शाळेची भाषा. मधे काही दिवस सगळ्याची खिचडी होते. ती होऊ द्यावी.

हे मी नुसत्या मायेपोटी म्हणत नाही. वाचताना डोक्यात काय घडतं ते बघा. मूल 'क-र-वं-टी' असं जोडत जातं आणि एका क्षणी 'अरे, करवंटी!' असं होतं. तो शब्द आधीपासून मनात होता, हातात धरलेला होता, म्हणून तो क्षण येतो. शब्दच माहीत नसेल तर अक्षरं बिनचूक जोडूनही हाताला काही लागत नाही, नुसता आवाज होतो. तिसरी-चौथीत खडाखडा वाचणारी आणि 'काय वाचलंस?' विचारल्यावर गप्प बसणारी मुलं ती हीच. म्हणून पाच वर्षांच्या आत घराने करायचं मुख्य काम म्हणजे मुलाच्या मनात शब्द आणि वाक्यं साठवणं. आणि ती साठवायची त्या भाषेत, जी घरातल्या मोठ्यांकडे भरपूर आहे.

तुमच्या सासूबाईंकडे एका नारळाबद्दल किती शब्द आहेत ते मोजा: शहाळं, अडसर, सोडण, काथ्या, करवंटी, खोबरं, झावळी, हीर. तोच नारळ इंग्रजीत आणला की तुमच्या घरात किती उरतात? मी पाहिलेल्या बहुतेक घरांत 'घरी इंग्रजी बोला' याचा अर्थ कम, सिट, ईट फास्ट, डोंट टच, व्हेरी गुड एवढाच होतो. म्हणजे मुलाला इंग्रजी मिळत नाहीच, वर जी भाषा मिळत होती तीही काढून घेतली जाते. उलट 'उथळ', 'खोल', 'आधी', 'नंतर', 'जवळजवळ', 'म्हणून' हे ज्याला एका भाषेत पक्कं कळलंय, त्याला दुसऱ्या भाषेत फक्त नवा शब्द शिकावा लागतो. कल्पना पुन्हा शिकावी लागत नाही. तुमच्यापैकी एकजण इंग्रजीत सहज गप्पा मारत असेल, भांडत असेल, विनोद करत असेल तर त्याने खुशाल इंग्रजीत बोलावं. तसं नसेल तर इंग्रजी शाळेवर सोडा, घरी दोन-चार इंग्रजी गाणी आणि एखादं पुस्तक ठेवा. बाईंनी पुन्हा विषय काढला तर वाद घालू नका. 'घरी त्याच्याशी भरपूर बोलतोय' एवढं सांगा, ते खरंच असेल. शिवाय २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही लहान वयात घरच्या भाषेच्याच बाजूचं आहे.

आपल्याकडे हे नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला नेलं. शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या हे तिथलं शैक्षणिक साहित्य, आणि मुलं शाळेत येत नसतील तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात न्यायची ही पद्धत. 'अंगणवाडी' हा शब्दही तिथलाच. तुमच्या स्वयंपाकघरात त्याहून जास्त साहित्य आहे.

आता 'बोला' म्हणजे काय, कारण प्रत्येक आई मला सांगते, 'अहो, आम्ही बोलतोच की दिवसभर.' एक दिवस स्वतःकडे कान देऊन बघा. ऊठ, दात घास, लवकर जेव, सांडू नको, तिकडे जाऊ नको, बस खाली. हे बोलणं नाही, हा वाहतूक पोलीस आहे. याला मूल 'हो' नाहीतर 'नाही' म्हणतं, बस्स. भाषा वाढते ती ज्याचं उत्तर देताना मुलाला वाक्य बनवावं लागतं अशा बोलण्यातून.

रविवारी आजी बांगडे साफ करतेय. मुलगा विचारतो, 'ह्याचे डोळे उघडे का?' एक उत्तर असतं, 'हात नको लावू, वास येईल.' दुसरं असतं, 'खरंच की. झोपताना तरी मिटत असेल का?' मग तो काहीतरी सांगेल, कदाचित साफ चुकीचं. 'नाही, तो पाण्यात झोपत नाय, बुडेल ना.' यावर हसू नका आणि लगेच माहितीही देऊ नका. 'बुडेल? तो तर पाण्यातच राहतो, मग कसा बुडेल?' असा चेंडू परत टाका. चार-पाच वेळा चेंडू इकडून तिकडे गेला की मग सांगा, माशाला डोळे मिटताच येत नाहीत. या तीन मिनिटांत त्याने 'कारण', 'जर', 'तर' हे सगळं वापरलेलं असतं. कोणत्याही वर्कबुकात हे मिळत नाही.

यात दोनच युक्त्या आहेत. पहिली म्हणजे थांबणं. प्रश्न विचारला की मनातल्या मनात पाच बोटं मोजा. आपण मोठी माणसं दीड सेकंदात स्वतःच उत्तर देऊन टाकतो. मुलाला शब्द शोधायला वेळ लागतो, आणि त्या शोधण्यातच शिकणं असतं. दुसरी, त्याचं वाक्य उचलून थोडं मोठं करून परत देणं. तो म्हणाला 'बस गेली', तुम्ही म्हणा 'हो ना, आपण पोचायच्या आतच गेली, आता दुसरी येईपर्यंत थांबायचं.' चूक काढायची नाही, म्हणून दाखवायलाही लावायचं नाही. आणि 'हा रंग कोणता?', 'हे किती?' असले परीक्षेचे प्रश्न कमी करा. ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच माहीत नाही ते विचारा. 'आज डबा कोणाबरोबर खाल्लास? त्याच्या डब्यात काय होतं?'

तुम्ही आठला घरी येता, हे मी विसरलेले नाही. म्हणूनच वेगळा वर्ग घेऊ नका म्हणते. दिवसभर आजी आहे, आणि तुम्ही तिला अडचण समजताय. खरं तर तुमच्या घरातली बालवाडी तीच आहे. तुमच्या वाट्याला स्वयंपाक, जेवण आणि झोपण्याआधीची पंधरा मिनिटं येतात. तेवढी पुरतात. त्याच्या बाबांनी रोज एकच करावं: आल्यावर त्याला दिवसातली एक गोष्ट विचारावी आणि स्वतःचीही एक सांगावी. लोकल का थांबली, कोण कोणाच्या पायावर पडलं. मोठ्यांच्या तोंडून घडलेली गोष्ट सुरुवातीपासून शेवटापर्यंत ऐकणं, हा गोष्ट सांगायला शिकण्याचा उत्तम मार्ग आहे.

आता पुस्तकं. मराठीत चित्रांची चांगली आणि स्वस्त पुस्तकं नॅशनल बुक ट्रस्टची मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत, काही पानं छापून दोऱ्याने शिवली तरी पुस्तक होतं. पाच पुस्तकं पुरेत. तेच पुस्तक तो विसाव्यांदा मागेल, द्या. विसाव्या वेळी तो तुमच्याआधी ओळ म्हणतो, पानावर बोट ठेवून, उलटं धरूनसुद्धा. ते सोंग नाही, वाचनाची पहिली पायरी आहे. वाचताना तुमचं बोट अधूनमधून ओळीखालून फिरू द्या, म्हणजे आवाज चित्रातून येत नसून त्या काळ्या खुणांतून येतोय हे त्याच्या लक्षात येईल. मराठीत वाचा आणि मधेच मालवणीत बोला, काही बिघडत नाही. आजीला वाचता येत नसेल तर ती चित्रांवरून स्वतःची गोष्ट सांगेल, मग एकाच पुस्तकाच्या दोन गोष्टी होतील. मुलं यावर जाम खूश असतात. फक्त एक करा: गोष्ट संपल्यावर 'काय बोध घेतलास?' विचारू नका. पुस्तक मिटा आणि दिवा बंद करा.

यानंतर कान. अक्षरांच्या आधी कान तयार व्हावा लागतो, आणि आपली लिपी त्याला फार सोयीची आहे, कारण ती तुकड्यांनी चालते. शब्द टाळ्यांवर म्हणा: आ-जी, बां-ग-डा. इथे एक गंमत होते. मूल 'नारळ'ला दोनच टाळ्या वाजवेल, ना-रळ, आणि 'घर'ला एक. आपण लगेच म्हणतो, 'चुकलं, घ-र, दोन!' चुकलेलं नाही. बोलताना आपण शेवटचा 'अ' गिळतो, म्हणून कानाला ते तसंच ऐकू येतं. आपण मोठे अक्षरं डोळ्यांनी मोजतो, तो कानाने मोजतोय. होऊ द्या तसं. लिहायला लागला की दोन्ही जुळतं. यमकं जुळवा, खोटी चालतील. 'वाटी-पाटी-काटी-टाटी' करत खिदळणं हाही अभ्यासच आहे. सहा महिन्यांनी भेंड्या सुरू करा. शेवटचं अक्षर पकडून त्यावरून नवा शब्द. 'नारळ'वर गाडी अडेल, कारण मराठीत 'ळ'ने एकही शब्द सुरू होत नाही. हे त्यालाच शोधू दे. असा शोध लागला की मुलं दिवसभर आल्यागेल्याला सांगत सुटतात.

थोडक्यात, इथपर्यंतचा क्रम असा: आधी ऐकू येतं ना ते बघा, मग भरपूर बोलणं, रोज एक पुस्तक, आणि येता-जाता आवाजांचे खेळ. अक्षरं त्यानंतर. तुम्ही ती पहिली धरली होती.

अक्षरं घ्यायची तेव्हा तक्त्याच्या क्रमाने घेऊ नका. वर्णमालेची मांडणी सुंदर आहे. घशापासून ओठांपर्यंत आवाज कुठून निघतो त्याप्रमाणे ती लावलेली आहे. पण ती मांडणी समजून घेण्याची, शिकायला सुरुवात करण्याची नव्हे. पाच वर्षांच्या मुलाला 'ङ' आणि 'ञ' पहिल्याच आठवड्यात भेटून काय उपयोग? बाराखडी पाठ करायची तर चौतीस व्यंजनं गुणिले बारा, चारशेच्या वर आकार. हे घोकून मुलं दमतात आणि वाचन म्हणजे घोकणं असं समजतात. त्याऐवजी त्याच्या नावातली अक्षरं घ्या, आणि त्यासोबत म, क, न, र, स एवढी आणि एक काना. बघा काय काय होतं: मामा, काका, नाक, कान, काम, मासा, सारा, रस. आणि 'माका'! आजीचा शब्द दोन अक्षरं आणि काना यांत लिहून होतो. तो भिंतीवर लावाच. पहिल्या पंधरवड्यात मूल खरा शब्द वाचतं, ही चव एकदा लागली की पुढचं ओढून न्यावं लागत नाही.

काही अडचणी आपल्या लिपीच्याच आहेत, त्यांना मुलाचा दोष समजू नका. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते आणि बोलताना नंतर, म्हणून मुलं ती भलत्याच अक्षराला लावतात. 'चमचा'तला च आणि 'चिमणी'तला च वेगळे, पण अक्षर एकच. जोडाक्षरं तर आत्ता विषयच नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाला सातव्या वर्षापर्यंत हात लावू नका, मोठ्यांचंही जिथे अडतं तिथे त्याला कशाला धरायचं.

लिहिण्याबद्दल एवढंच की पाच वर्षांच्या आतल्या हाताला ओळीत बसवून पानभर गिरवायला लावू नये. कणकेचे साप, वाटाणे सोलणं, तांदूळ पसरलेल्या ताटात बोटाने रेघा, खडूने गॅलरीत चित्रं, यातून बोटं तयार होतात. शाळेचा गृहपाठ असेल तर तीन ओळी नीट करून वही बंद, आणि बाईंना तसं सांगून टाका. घरी मात्र एक गोष्ट करून बघाच: तो बोलेल ते तुम्ही लिहा. चित्र काढलं की विचारा, 'खाली काय लिहू?' तो म्हणेल, 'हा बाबा गाडीत झोपला.' तेच शब्द, तसेच लिहा आणि बोट फिरवत वाचून दाखवा. आपण तोंडाने बोललो ते कागदावर बसलं आणि परत तसंच ऐकू आलं, हे पाहताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. मालवणीत बोलला तर मालवणीतच लिहा.

ॲपचं उत्तर छोटं आहे: पैसे वाचवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास पडदा अशी मर्यादा सांगितली, कमी असेल तितकं बरं. ॲप त्याचं बोलणं ऐकून घेत नाही, उत्तरासाठी थांबतही नाही. गावच्या काकांशी व्हिडिओवर गप्पा मारणं वेगळं. ते खरं बोलणं आहे, ते यात मोजू नका.

शेजारच्या मुलाचं राहिलं. तो पाट्या वाचतो, छान आहे. काही मुलांना चौथ्या वर्षीच अक्षरांचा नाद लागतो, काहींना सहाव्या वर्षी, आणि दुसरीत कोण आधी शिकलं होतं ते सहसा ओळखू येत नाही. तुमच्या मुलालाही पाट्यांचा नाद लागावा असं वाटत असेल तर घराबाहेरच फुकटची सोय आहे. लोकलच्या स्टेशनांवर नावं मोठ्या देवनागरीत असतात. ठाण्याकडे जाताना डब्यात दाराशी गर्दी नसेल तर त्याला खिडकीत बसवा आणि कोपरनंतरची पाटी दाखवा. 'दिवा.' दोनच अक्षरं, आणि शब्द घरातलाच. तुम्ही कुडाळला सावंतवाडी गाडीने जात असाल तर ती इथूनच सुटते, म्हणजे आजीच्या गावाची सुरुवात त्याला आधी याच पाटीवर दिसेल. 'वा'चा काना आणि 'दि'ची वेलांटी कुठे आहे ते विचारू नका. गाडी पुढे गेल्यावर तो स्वतः काही म्हणतो का, तेवढं बघा आणि गणपतीनंतर मला कळवा.